सेन्सरच्या दोन जागा

मी, खाली सही करणारी, धंद्याने इंजिन ट्यून करणारी, अविवाहित, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणीही मागे न लागता हे लिहून ठेवत आहे. डोक्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. हृदयाचा दिला नाही, म्हणून ही घाई. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी विचारलं नाही, त्यामुळे सुचलंही नाही.

एक. गॅरेजवरची खोली, आतलं सामान आणि बँकेतली शिल्लक माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला मिळावी. बापाची नजर चुकवून ती रस्त्यापलीकडून मला हात करते. खोलीच्या खिडकीची कडी सैल आहे, वारा सुटला की वाजते. मला तिची सोबत वाटायची म्हणून मी दुरुस्त केली नाही. भाचीने खुशाल करावी.

दोन. माझी शिडी गल्लीतल्या वेल्डरला द्यावी. ती त्याच्याकडेच आहे. परत मागून मागून माझं तोंड दुखलं, तेव्हा आता कायद्यानेच त्याची होऊ दे.

तीन. हत्यारं तंत्रशाळेला द्यावीत. गळती शोधायचं धुराचं यंत्र मात्र मास्तरांनी कपाटात कुलूपबंद ठेवू नये; ते वापरायला असतं, पाहुण्यांना दाखवायला नाही.

चार. गाडी. हे कलम लांबलं आहे, वकिलांनी सांभाळून घ्यावं.

वडील गेल्यावर मी आणि धाकट्याने त्यांच्या जुन्या गाडीला टर्बो बसवला. टर्बो इंजिनात जादा हवा दाबून भरतो. ती किती, हे सेन्सर मोजतो, आणि गाडीचा कॉम्प्युटर त्या बेताने पेट्रोल सोडतो. प्रश्न एवढाच होता की सेन्सर लावायचा कुठे. मी म्हटलं, टर्बोच्या आधी, फिल्टरला लागून. तिथे हवा थंड आणि शांत असते. धाकटा म्हणाला, टर्बोच्या नंतर, इंटरकूलरमधून निवून आलेली हवा इंजिनाच्या तोंडाशी मोजायची. आत जाते तीच खरी.

आधी माझ्या जागी लावला. चढावर टर्बोनंतरचा नळा निसटला, मोजलेली हवा बाहेर गेली, पेट्रोल मात्र पूर्ण आलं आणि गाडी काळा धूर ओकत बंद पडली. गिऱ्हाइकांसमोर धाकटा म्हणाला, "ताई, मोजलेली हवा रस्त्यावर सांडलीस की!" मग त्याच्या जागी लावला. टर्बोचं तेल उडून सेन्सर माखला आणि गाडी सिग्नलला धापा टाकू लागली. मीही हसले, चांगली पोट धरून. शब्दाने शब्द वाढत गेला. वेल्डर समेट करायला आला, म्हणाला, सेन्सर काढूनच टाका, दाब आणि तापमान बघून हवेचा हिशेब लागतो. तो अंदाज झाला, मोजणं नव्हे, असं म्हणून आम्ही दोघांनी मिळून त्याला हाकललं. आम्ही एकत्र केलेलं ते शेवटचं काम. नंतर गॅरेजच्या मधोमध भिंत आली.

ट्यूनिंग हे दोघांचं काम आहे. एकाने चालवायचं, दुसऱ्याने बाजूला बसून लॅपटॉपवरचे आकडे मोठ्याने वाचायचे. भिंत झाल्यापासून मी लॅपटॉप बाजूच्या सीटवर ठेवते, त्याला पट्टा बांधते आणि रस्त्याच्या कडेला थांबून आकडे वाचते. मोठ्यानेच वाचते, सवय जात नाही. भिंतीपलीकडे इंजिन सुरू झालं की धाकट्याचं कुठे चुकतंय ते मला इकडे ऐकू येतं, आणि सांगता येत नाही. याचा मला फार त्रास होतो. घर खायला उठतं म्हणतात, माझं तर गॅरेजही उठतं.

गाडी धाकट्याला द्यावी. नळ्यांवर दोन्ही ठिकाणी सेन्सरची बैठक करून ठेवली आहे. एकीवर झाकण आहे. त्याने सेन्सर त्याला पाहिजे तिथे लावावा. माझं मत बदललेलं नाही.

पुरवणी, त्याच दिवशी. दुसरा साक्षीदार म्हणून वेल्डरला बोलावलं. वकील म्हणाले, मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं त्याने साक्ष दिली तर त्याचं मिळणं जातं. वेल्डर शिडी सोडेना. "मग मी नाही सही करत, बाई. दुसरं कोणी आणतो," म्हणाला, आणि भिंतीपलीकडे जाऊन धाकट्याला घेऊन आला.

वकिलांनी त्याला कलम चार वाचून दाखवलं आणि नियमही सांगितला. त्याने खिशातून पेन काढलं.

"सही कुठे करायची?"

"अरे, गाडी जाईल तुझी," मी म्हटलं.

"जाऊ दे. सेन्सर कुठे लावलायस?"

"फिल्टरपाशी."

"वाटलंच. तो लॅपटॉप उचल त्या सीटवरून. तू चालव, आकडे मी वाचतो."

मला रडू आलं, हे वकिलांनी लिहू नका म्हटलं तरी मी लिहीत आहे. कलम चार रद्द समजावं. गाडीचं काय करायचं ते आम्ही दोघं बघून घेऊ.

ठिकाण: गॅरेज, भिंतीच्या अलीकडे
दिनांक: सोळा जानेवारी
लिहून ठेवणार: ताई (सही)
साक्षीदार एक: डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार दोन: धाकटा भाऊ (सही)