दुधाच्या वाटेवरचं पाणी

अण्णा, ज्या वाटेने तुम्ही सायकलला दुधाचे कॅन लटकवून जन्मभर गेलात, त्या वाटेवर आता लोक हौसेने सायकल चालवायला येणार आहेत. तुम्ही असता तर आधी हसला असता, आणि मग विचारलं असतं, चढाला उतरतात का बसूनच जातात. बसूनच जातात. त्यांच्या सायकलींना गियर असतात आणि मागे काही लादलेलं नसतं. मोरांच्या अभयारण्यातून दोन मार्ग आखायचं काम आमच्या महिला सहकारी संस्थेकडे आलंय. एक लहान, फाटकापासून तळ्यापर्यंत जाऊन परत येणारा. दुसरा लांबचा, वस्त्यांना वळसा घालून डोंगराच्या पाठीमागून उतरणारा. लांबचा मी आखला. आखला म्हणजे काय, तुमचाच घेतला. कुठे मुरूम घसरतो, कुठे हिवराचे काटे टायरात शिरतात, कुठल्या उताराला ब्रेक सोडायचाच नाही, हे सगळं तुमच्या पुढच्या दांडीवर बसून मला पाठ झालेलं. ते सगळं मी नकाशावर लिहिलं. फक्त एका वळणावरून आत पाण्याच्या झिऱ्याकडे जाणारी वाट लिहिली नाही.

शाळेला जाताना ओढा आडवा यायचा, म्हणून आठव्या वर्षापर्यंत माझी शाळा म्हणजे तुम्हीच. दिवस उगवायच्या आधी तुम्हाला डेअरीत दूध घालायचं असायचं, आणि त्या अंधुक उजेडात चाक चुकू नये म्हणून वळणावरच्या दगडांना तुम्ही चुन्याचे पट्टे ओढलेले. परत येताना कॅन रिकामे, ऊन वर आलेलं. तुम्ही सायकल झाडाला टेकवता, शिंदीचा कुंचा माझ्या हातात देता आणि म्हणता, काढ. एका दगडावर एक अक्षर. दुसऱ्या दिवशी जाताना तेच अक्षर मला चालत्या सायकलवरून वाचून दाखवायचं. अशी माझी बाराखडी त्या डोंगरात पसरलेली होती. धावड्याखाली क, मोठ्या उताराला म. झिऱ्यापाशी मात्र तुम्ही कधी काही काढू दिलं नाहीत. खडकाच्या कपारीतून करंगळीएवढी धार यायची आणि खाली परातीएवढं डबकं. आपण ओंजळीने प्यायचो. कॅन तिथे कधी विसळला नाहीत. मोराचं पाणी हाय, आपुन पाव्हणे, म्हणायचात.

मग तो दुष्काळ आला. डेअरीत दूध इतकं कमी येऊ लागलं की तुमचा एक कॅन घरीच राहायचा. निम्मी वस्ती कोयते घेऊन उसाकडे गेली, जनावरं फाट्यावरच्या छावणीत. जवळच्या वस्तीतल्या बायांना तुम्ही झिरा गुपचूप दाखवला होता. घागर दोन घागर, त्याही सकाळच्या वेळी, मोर उतरायच्या आत. एक दिवस लांबच्या दोन बाया वळणावर उभ्या होत्या, इकडे पाणी आहे का विचारत होत्या. तुम्ही पुढे निघून गेला होतात, मी मागे चुन्याचं डबडं घेऊन चालत होते. मी त्यांना वाट दाखवली, आणि त्या गेल्यावर मला वाटलं, उद्या दुसऱ्या कुणी आल्या तर. म्हणून वळणावरच्या दगडावर मी मोठ्या अक्षरांत काढलं. पाणी. खाली बाण. माझा पहिला पूर्ण शब्द, कुणी न सांगता काढलेला. मला वाटलं होतं तुम्ही शाबासकी द्याल.

चुना वाळला की लांबून दिसतो. आठवड्याच्या आत बैलगाडीच्या चाकोऱ्या पडल्या, मग छावणीवरचे लोक इंजिन आणि पाइप घेऊन आले. तेही चोर नव्हते, त्यांच्या गुरांच्या जिभा कोरड्या पडल्या होत्या. धार पुरेना, म्हणून धार मोठी होईल या आशेने त्यांनी कपार पहारीने फोडली. पाणी खडकात खाली गेलं ते गेलंच. तुम्ही तिथून परत आलात तेव्हा तुमच्या सदऱ्याला धूळ होती आणि तुम्ही आईला म्हणालात की डबक्याच्या कडेला तीन लांडोरी मरून पडल्यात. माझ्याकडे बघितलंही नाहीत.

दुसऱ्या दिवशी मला त्या दगडापाशी नेलंत. एक खडा माझ्या हातात दिलात, एक स्वतः घेतलात, आणि आपण दोघांनी मिळून तो शब्द खरवडला. मी रडत होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "अक्षर लई चांगलं हाय तुझं. कुठं लिवावं, हे शिकवायचं मीच इसरलो."

मारलं असतंत तर मी विसरले असते.

पुढे जंगलखात्याचा माणूस डेअरीत चौकशीला आला, तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "ते मीच लिवलं." तुमचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं, हे अख्ख्या दूध संस्थेला माहीत. चेअरमन म्हणाले म्हणे, वा, उतारवयात अण्णांची वेलांटी सुधारली. सगळे हसले, तुम्हीही हसलात. हे मला आईने तुम्ही गेल्यावर सांगितलं. त्यानंतर तुम्ही मला त्या वळणावरून कधी नेलं नाहीत. पुढे पाऊस झाला, झिरा परत आला असं कुणी म्हणे, कुणी न्हाई म्हणे. तुम्हाला माहीत असणार. मी विचारलं नाही.

आता खरं सांगायचं ते सांगते. मार्च लागायच्या सुमाराला आम्ही लांबच्या मार्गाची चाचणी घेतली. पुण्याकडचे पाच जण होते, त्यांत एक साठीच्या बाई. सोबत मी, आणि सायकली दुरुस्त करायला आष्टीचे चाचा. त्यांचा टेंपो खालच्या रस्त्यावर उभा होता. मोठ्या चढानंतर त्या बाई सायकलवरून उतरल्या, दोन पावलं चालल्या आणि बसल्या. चेहरा लाल, अंगाला घाम नाही. सगळ्यांच्या बाटल्या मिळून दोन घोट निघाले. आम्ही अगदी त्या वळणावर होतो, अण्णा. दगड तिथेच आहे. चाचांनी माझ्याकडे बघून विचारलं, "बेटा, तू इथलीच ना. आसपास पानी हाय का कुठं?"

मी म्हणाले, "न्हाई, चाचा."

चाचा सायकलवर टांग टाकून वस्तीकडे गेले. पाणी घेऊन यायला त्यांना पाऊण तास लागला. तेवढा वेळ मी त्या बाईंचं डोकं मांडीवर घेऊन ओढणीने वारा घालत होते, आणि त्या पुटपुटत माझीच माफी मागत होत्या, तुम्हाला त्रास झाला म्हणून. संध्याकाळी दवाखान्यात सलाइन लागलं, दुसऱ्या दिवशी त्या उठून बसल्या. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. त्यांनी घरी गेल्यावर निरोप पाठवलाय की मार्ग फार सुंदर आहे, फक्त पाण्याच्या जागा नकाशावर दाखवा.

आज सकाळी संस्थेच्या बैठकीत त्या निरोपावरच बोलणं निघालं. आमच्या अध्यक्ष काकू, तुम्ही त्यांना ओळखत नाही, नकाशा पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. वळणावर बोट ठेवून म्हणाल्या की इथे टाकी ठेवू, वस्तीवरून पाणी आणू. बाया हो म्हणाल्या. मला तिथेच गप्प बसता आलं असतं. पण मी उठले आणि सगळं सांगितलं, झिऱ्याचं, चुन्याचं, चाचांना दिलेल्या उत्तराचं.

"कावून गप बसलीस, पोरी? बाई मेली असती म्हंजी?" काकू म्हणाल्या.

मी म्हणाले, एकदा सांगितलं होतं तेव्हा काय झालं ते आत्ताच सांगितलं ना. मोरांसाठी गप्प बसले.

त्यांनी चष्मा काढला. "बरं. मग हाय का तिथं पानी?"

मला माहीत नव्हतं. वीस वर्षांत मी ते बघायला गेलेच नाही. नकाशा करताना पूर्ण डोंगर पायाखाली घातला, पण त्या वळणाच्या आत पाऊल टाकलं नाही. त्या बाईंचं डोकं मांडीवर होतं तेव्हा मी मोरांचा विचार करत नव्हते, अण्णा. आत गेले आणि फुटलेली कपार दिसली तर काय, एवढाच विचार होता. काकू रागावल्या नाहीत. उद्या आपण दोघी जाऊन बघू म्हणाल्या. पाणी असलं तर ते मोराचं ठेवायचं का माणसाला दाखवायचं, हे तू सांगायचं, कारण ती वाट तुझ्या बापाची.

उद्या सकाळी सातला त्या येतील. हे पत्र कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही, आणि पाठवता आलं असतं तरी पुढचं वाक्य मी खोडलं असतं. झिरा आटलेला निघावा, आणि चाचांना दिलेलं उत्तर खरं ठरावं, असं मला वाटतंय.