गिरकीच्या आधी

धाकटीला ताईचे आशीर्वाद आणि एक लाडाचा धपाटा,

मी ठणठणीत आहे, आईला सांग. वॉर्डातली ड्युटी संपली की लाँड्रीच्या वरच्या हॉलमध्ये साल्सा शिकते. हसू नकोस. नवख्या मुली माझे पाय बघून शिकतात.

घोडं फक्त गिरकीपाशी अडत होतं. जोडीदाराने हाताने खूण केली की मगच फिरायचं असतं. माझा जोडीदार प्लंबर आहे, स्वभावाने गरीब. परवा मात्र तो नाचता नाचता थांबलाच. म्हणाला, "बाई, मी हात उचलायच्या आत तुम्ही फिरून मोकळ्या होता. मग माझं इथे काय काम?"

मला असा राग आला. पण शिकवणाऱ्या बाईंनी मला डोळे मिटून नाचायला लावलं. आधी जीव नुसता कासावीस झाला. मग त्याच्या तळहाताचा हलका दाब जाणवला आणि अशी झकास गिरकी बसली की बाई बघतच राहिल्या. आता मला थांबताही येतं.

म्हणून सांगते, आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं तूच ठरव. फोनवर तू तोंड उघडायच्या आत मी डॉक्टर, तारीख सगळं ठरवून टाकते. तिच्याजवळ तू आहेस. ती जिना चढते का गं? रात्री कण्हते का? आणि तू नीट जेवतेस ना?

तुझ्या खुणेची वाट बघणारी,
ताई

ता. क. सोमवारची तारीख घेऊ नकोस. बरं, घ्यायची तर घे.