कडी आतून लावलेली खोली

ती. ताईस,

नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा वाकून केला असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला गेला, की अजून घर डोक्यावर घेतात? इकडे मी बरी आहे आणि सून माझ्याशी बोलत नाही. कशावरून ते ऐक. मध्येच "तुझंच चुकलं असणार" म्हणू नकोस.

सून हायस्कुलात इंग्रजी शिकवते, तुला ठाऊकच आहे. यंदा दहावीला तिने एक जुनी भुताटकीची कादंबरी लावली. मुलं ढिम्म. तेव्हा मोठ्या बाईंनी बजावलं, एक दिवस मी वर्गात येऊन बसेन, तेव्हाही मुलं अशीच मुकी बसली तर दहावी तुमच्याकडून काढून घेईन. पोरगी पार सुकली. संध्याकाळी मी मशीनवर बसले (शाळेचे गणवेश माझ्याकडेच असतात शिवायला) की समोर बसून दुसऱ्या दिवशीचा धडा मला मराठीत सांगून बघायची. मी पेंगले नाही तर वर्गही पेंगणार नाही, असं तिचं गणित.

तर एक अनाथ पोरगी टेकडीवरच्या हवेलीत काकाकडे राहायला येते. धुकं, वारा, विझणाऱ्या मेणबत्त्या. वरची एक खोली कायम बंद, आत कुणीतरी चालल्याचा आवाज. काका रोज दाराशी जेवणाचं ताट ठेवतो आणि रिकामं उचलतो, कुणाशी चकार शब्द नाही. मी विचारलं, एवढ्या खोल्या झाडतं कोण? सून म्हणाली, "अहो आई, वातावरण बघा, वातावरण!" कसलं वातावरण, पडद्यांवर बोटभर धूळ! (आणि एवढी भीती वाटते तर ती पोरगी जिन्याने वर कडमडते कशाला?)

खोलीत कोण ते मात्र सून सांगेना. मोठ्या बाईंसमोरच दार उघडणार, तोवर तुम्हीही थांबा म्हणे. मी काय दहावीत आहे?

आता मुलं माझ्याकडे मापं द्यायला येतात, आणि माप घेताना वळवळतात. म्हणून मी त्यांना ती गोष्ट सांगायला लागले. (ऐकायला लागली की बाहीचं माप चोख मिळतं.) शेवट विचारला, तर मला माहीत नाही असं कसं म्हणायचं? दिलं ठोकून. आत काकू आहे. तिला कुणी कोंडलेलं नाही, एवढ्या घराचं करून करून वैतागली आणि आतून कडी लावून बसली. ताट दाराशी येतं, भांडी दुसरं कुणी घासतं. बाहेर येईल कशाला?

मोठ्या बाई वर्गात आल्या त्या दिवशी सुनेने खिडक्यांना माझं अस्तराचं काळं कापड लावलं (न विचारता!), आवाज बारीक केला आणि विचारलं, दारामागे कोण असेल? सगळ्यांचे हात वर. सगळे म्हणाले, काकू! मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत अशी जुंपली म्हणतेस! (मुलांनीच मापं देताना सांगितलं.) मुलगे म्हणाले, काकूने बाहेर यावं, काकाचे हाल होतात. मुली म्हणाल्या, होऊ देत. मोठ्या बाई हसत उठल्या, म्हणाल्या, दहावी तुमच्याकडेच राहू दे, आणि अशी खोली कुठे मिळाली तर मलाही कळवा.

म्हणजे वर्ग कुणामुळे वाचला? पण आभार राहिले बाजूला. सुनेने खरा शेवट सांगितला तर मुलं मानेनात. मुलंच म्हणाली, लिहिणाऱ्याचं चुकलंय, शिवणाऱ्या आजींना विचारा. घरी येऊन तिने ते पुस्तक माझ्या मशीनवर आपटलं, "घ्या, शेवट आता तुम्हीच वाचा!" तेव्हापासून अबोला. माझं इंग्रजी कॉलरमागच्या साइजच्या अक्षरांपुरतं, हे तिला माहीत नाही होय?

तुझी,
धाकटी

ता.क. तुझ्या लेकीने कॉलेजात हीच कादंबरी केली होती ना? खोलीत कोण आहे ते तिला विचारून लिही. (इथल्या मुलांना आता कोणत्या तोंडाने विचारू?) मला काही पडलेलं नाही. पण काल एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या, म्हणून म्हटलं.

ता.क. दुसरा. आत्ताच सून चहा घेऊन आली. रोजच्यासारखी ठेवून निघून गेली नाही, समोर बसली. नववीलाही एक कादंबरी लागली आहे म्हणाली, "आई, एक तळघर आहे." मी मशीन थांबवलं नाही, नुसतं हळू केलं.
तरी त्या खोलीचं विचारच. आणि आत काकू नसेल, तर कळवू नकोस.