अक्काने ओढलेली ओली काडी

जळगाव, रविवार, १२ जानेवारी १९९२

अणुसंमीलनासाठी लेझरने दाबलेल्या इवल्या गोळीतलं इंधन पेटता पेटता का विझतं? गोळीच्या कवचाचे कण आतल्या इंधनात मिसळतात आणि उष्णता पळवतात. वर्गात तीनदा सांगितलं, पोरं नुसती बघत राहिली. माझंच चुकतंय का?

आज धरणगावला शेतात भरताची वांगी भाजताना मी कपाशीच्या वाळल्या काड्यांत एक ओली काडी सारली. थोरल्या बहिणीने, अक्काने, ती चटकन ओढून काढली. “एक वली काडी बठ्ठी आग खाई जास, भाऊ!”

सगळी आग! महिनाभर मी हेच वाक्य शोधतोय, आणि हिने वांगं उलटता उलटता...

काडी पिशवीतून आणलीय. उद्या खडूच्या आधी तीच उचलीन. कुणी संदर्भ विचारलाच, तर फळ्यावर लिहीन: अक्का, धरणगाव.