गावातली दोन मतं

सोमवार, ३ नोव्हेंबर
देवळात गावकीची सभा झाली. यंदा गावातल्या एकानंही मत द्यायचं नाही असं ठरलं. खाडीचा बांध फुटून दोन पावसाळे झाले. शेतात खारं पाणी, कापायला काही नाही, सरकार ढुंकून बघत नाही. गावकीचे अध्यक्ष आमचे हेच. घरी आल्यावर सासूबाईंना म्हणाले, "आये, ह्या टायमाला न्हाय जायचं."
त्या तांदूळ निवडत होत्या. विकतचे.
"मी व्हते का सभेला?" एवढंच बोलल्या.

शनिवार, ८
प्रचाराच्या गाड्या वेशीवरूनच परत पाठवल्या. मामंजी होते तेव्हा ते नि सासूबाई आधी मत देऊन येत, मग भाकरी खात. मामंजी गेले, त्यांचा पक्षही जवळजवळ गेलाच, पण सा. बां.नी चिन्ह बदललं नाही. दुपारी मला म्हणाल्या, "न्हेशील मला?" पाय सुजलेत, शाळेपर्यंत एकट्यानं होत नाही.
मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

बुधवार, १२
नेलं.
हे वेशीवर बसलेले, म्हणून शेतातून गेलो. शाळेत सरकारी माणसं नि एक पेंगणारा पोलीस, बाकी कुणी नाही. सा. बा. आत जाऊन आल्या. कितीतरी दिवसांनी तोंडावर तेज. वाटलं, आलेच आहे तर. मीही दिलं. मामंजींच्या पक्षाला नाही, सत्तेतल्याला. बांध बांधला तर सरकारच बांधणार. एवढाच विचार. दुसरं काही मनात नव्हतं.
शाई घासून पाहिली. जात नाही.

गुरुवार, १३
वाढताना ह्यांनी बोट पाहिलं.
"आयेचं समजतो मी. तू?"
ताट तसंच ठेवून उठले.

शनिवार, १५
मोजणी झाली. सत्तेतलाच आला. आमच्या शाळेच्या यंत्रात दोनच मतं, दोन पक्षांना एकेक. गुप्त मतदान म्हणे. कुणाचं कुठलं ह्यावर गावभर चर्चा. ह्यांनी विचारलं नाही, ह्यांना कळलंय. सासूबाईंनासुद्धा कळलंच असेल. वाटलं, आता बोलतील. "च्या ठेव," म्हणाल्या.

रविवार, १६
गावकीनं ठरवलं, आमच्या घराशी बोलणं, येणंजाणं बंद. हे अध्यक्ष म्हणून ह्यांनाच उभं राहून सांगावं लागलं. स्वतःच्या आईचं नि बायकोचं नाव घेऊन. आवाज हलला नाही म्हणे. घरी आले, अंथरूण उचलून ओटीवर नेलं.

मंगळवार, १८
माझ्या अंगणवाडीत एकही मूल आलं नाही. खिचडी शिजवून बसून राहिले. शेजारची वनिता दारावरून गेली. तिच्या बाळंतपणात रिक्षातून अलिबागला मीच घेऊन गेले होते. आज मान खाली. तिची मुलगी वळून वळून बघत होती, तर हात धरून ओढली तिला.
खिचडी गाईला घातली.

शुक्रवार, २१
नव्या आमदारांचा माणूस आला. गावात पाणीसुद्धा कुणी दिलं नसेल, आमच्याकडे चहा प्यायला. म्हणाला, "सायबांना कललं, येवढ्या बहिष्कारात पन एक मत आपल्याला परलं. त्या ताईंचा सत्कार करायचाय, स्टेजवर. बांधाचं पन तिथंच बोलू. कोन त्या?"
स्टेजवर गेले तर बांध होईल कदाचित. गावात परत कुठल्या तोंडानं यायचं? ह्यांनी काय करायचं मग?
सा. बा. आतून भिंतीला धरत आल्या.
"मी दिलं," म्हणाल्या.
तो नमस्कार करून गेला. मी म्हटलं, आई, असं का सांगितलंत? मामंजींचं चिन्ह—
"त्यांना काय सांगायचं ते मी वर गेल्यावर बघीन. तुला हितं राह्यचंय."
मग रडल्या. कधी रडताना पाहिलं नव्हतं.
हे ओटीवर बसून सगळं ऐकत होते. आत आले नाहीत, उठूनही गेले नाहीत.
उद्या सकाळी सा. बां.ना न्यायला गाडी पाठवतो म्हणालाय.