चिकटपट्टी

देवबाग, रविवार संध्याकाळ

सदूवरचा राग जात नाही. धाकटा भाऊ म्हणून हात आवरला.

तरुणपणी मी घरच्या कॉम्प्युटरसाठी होडीचा गेम लिहिला होता. मुंबईच्या एका प्रकाशकाने तो कॅसेटवर विकला. प्रकाशक कधीच बुडाला. आज जुने गेम जपणाऱ्या एका बाईंचा फोन आला, कुठेच प्रत मिळत नाही, तुमच्याकडे आहे का? होती. कुणी पुसू नये म्हणून कॅसेटच्या कडेचा प्लास्टिकचा तुकडा मी स्वतः मोडला होता.

सदूने त्या भोकावर चिकटपट्टी लावली, म्हणजे परत टेप करता येतं, आणि त्यावर जत्रेतला दशावतार भरला.

"लावन बघितलंय. नुसती खरखर. माका वाटला, बिघडली आसा."

अरे, ती खरखर म्हणजेच गेम. तेव्हा प्रोग्राम टेपवर तसाच वाजायचा. मला विचारायचं तरी. तुकडा का मोडलाय हा विचार सुचत नाही, चिकटपट्टी बरी सुचते.

तरी टेप शेवटपर्यंत ऐकली. दशावतार संपला आणि अगदी टोकाला, पुसायची राहिलेली, क्षणभर माझी खरखर वाजली. माझा गेम. एवढाच उरलेला.

सदू म्हणाला, "बघ, मिया सांगलंय ना? बिघडलेलीच होती."