गोठ्याला अनुदान, मला नामंजुरी

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा, बसल्या जागेवरून, नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नको म्हटलंय, तरी गच्चीवर कपडे वाळत घालायला कोण जातं ते मला पक्कं ठाऊक आहे. इकडे गाई खुशाल, तुझी भावजय तर फारच खुशाल. माझं म्हणशील तर मंगळवारी मी जो आ वासला आहे तो अजून मिटलेला नाही. जेवणाच्या वेळी सोयीचा पडतो, एवढंच.

आमचं दूध नेणाऱ्या टँकरवाल्यांनी कळवलं होतं, की एवढ्याशा दुधासाठी गाडी आत वळवणं परवडत नाही, उन्हाळ्यानंतर येणार नाही. (ड्रायव्हर हे सांगताना माझ्याकडे न बघता गाईंकडे बघत होता. गाईंनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.) म्हणजे एकतर गाई विकायच्या, नाहीतर दुधाचं इथेच काहीतरी करायचं. तेवढ्यात दूधधंद्याला सरकारी अनुदान जाहीर झालं: गोठा सुधारायला वेगळं, दुधापासून पदार्थ बनवायला वेगळं. मी अर्थातच गोठ्यासाठी अर्ज केला. गाय सुखी तर दूध सुखी, हे माझं तत्त्व. (पण ते दूध न्यायला कोण येणार, असं मला घरातल्या घरात एकदा विचारलं गेलं होतं म्हणे. मी तेव्हा कामात होतो.)

काम म्हणजे ब्रश! गाईंची पाठ खाजवणारा फिरता ब्रश. तयार घ्यायचा तर अनुदान हवं, म्हणून अनुदान देणाऱ्या समितीला दाखवायला मी नमुना बनवला: रस्ते झाडणाऱ्या गाडीचा जुना ब्रश आणि त्याला पाण्याच्या पंपाची मोटर. पाहणीला दोघं आली, एक अध्यक्षीणबाई आणि एक इंजिनीअर. मी बटण दाबलं. आमची थोरली गाय (आम्ही तिला 'आक्का' म्हणतो, तुझ्यावरून नव्हे) ब्रशखाली जाऊन उभी राहिली आणि तिने डोळे मिटले. इथवर सगळं स्वप्नवत. मग बाई कौतुकाने पुढे वाकल्या आणि ब्रशने त्यांचा मफलर धरला. मफलर निघाला, मफलरमागून बाई निघाल्या. मी घाबरून बटण फिरवलं ते उलट्या बाजूला, त्यामुळे वेग वाढला. क्षणभर बाई आणि आक्का गालाला गाल लावून उभ्या होत्या. तुझ्या भावजयीने शांतपणे येऊन प्लग उपटला, बाईंना मोकळं केलं आणि तोंड धुवायला मागच्या खोलीत नेलं. बाई बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत. तोवर मी इंजिनीअरला मोटर समजावली. तो सारखी मान हलवत होता. ती कुठल्या दिशेने हलतेय, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

मंगळवारी निकालाला बोलावलं. ही इस्त्रीचे कपडे घालून बरोबर निघाली, तेव्हा मला भरून आलं. (नवऱ्याला धीर द्यायला इतकं नटायची गरज नव्हती, असंही वाटून गेलं.) लांब टेबल, पलीकडे बाई, गळ्यात नवा मफलर. त्यांनी माझा अर्ज 'जिवाला धोकादायक' म्हणून नामंजूर केला. मी उठलो, टेबलाचा कोपरा मांडीत घुसला, तसाच लंगडत 'चल' म्हणालो. ती उठली, पण दाराकडे नाही, टेबलाकडे गेली. पुढचा अर्ज तिचा होता! ताई, मला वाटत होतं ती माझ्याबरोबर आली आहे. ती स्वतःबरोबर आली होती.

मागची जी खोली मी अडगळीची समजत होतो, तिथे फळ्यांवर ओळीने हिने केलेलं चीज मुरत पडलं होतं. तोंड धुवायला गेलेल्या बाईंनी एक तुकडा चाखला, मग दुसरा, मग टेकायला खुर्ची मागितली. हॉटेलवाल्यांची मागणीसुद्धा आधीच आलेली. (ते हॉटेलवाले आमच्या घरी चहा पिऊन गेले होते. विमा विकणारे समजून मी गोठ्यात लपलो होतो.) अनुदान जागच्या जागी मंजूर!

परतताना गाडीत मी म्हणालो, "अगं, मला सांगायचं तरी!"

"सांगितलं की. तुम्ही ब्रशला ग्रीस लावत होतात. 'हं' म्हणालात."

 मी विचारलं, "मग गाई राहणार?"

"सगळ्या राहणार," ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून पदराने डोळे पुसत बसली. इतके दिवस ती घाबरलेली होती, ताई, आणि मला पत्ता नाही. अनुदानापेक्षा या गोष्टीने मी जास्त हादरलो. घरी येऊन ब्रश काढून टाकला. आक्का माझ्याशी बोलत नाही.

घरातल्या थोरांच्या पाया पडतो, पोरांचे गाल ओढतो.

तुझा,
अजून न सावरलेला भाऊ

ता. क. : अनुदानाची एक अट आहे. चीज बनवायला एक मदतनीस पगारावर ठेवायचा, आणि तोही रीतसर जाहिरात देऊन, मुलाखत घेऊन. घरच्यांना सवलत नाही. मी अर्ज केला आहे. त्याला एका प्रतिष्ठित व्यक्तीचं शिफारसपत्र लागतं. तू मुख्याध्यापिका होतीस, तुझ्या शब्दाला वजन आहे. 'कष्टाळू, स्वच्छ, दुसऱ्याचं ऐकून घेणारा' असं लिही. (शेवटचं जरा ठळक.) बहीण आहेस हे लिहू नकोस.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवताना तुझी भावजय म्हणाली, की या जागेसाठी आणखी एकच अर्ज आला आहे आणि तो भाऊजींचा आहे. म्हणजे तुझ्याच यजमानांचा! निवृत्तीनंतर घरात बसून कंटाळलेत, इकडे येऊन राहायची तयारी आहे, असं त्यांनी लिहिलंय. सोबत शिफारसपत्रही जोडलंय. ताई, अक्षर तुझं आहे.